निर्जीव पात्रांना चेहरा देण्याची घाई नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ॲनिमेशनच्या शिक्षणाविषयी जे काही छापून येते त्यात सॉफ्टवेअर, शुल्क आणि नोकऱ्या यांचीच चर्चा अधिक असते. विद्यार्थी वर्गात नेमके काय करतात, कशातून शिकतात आणि कुठे अडतात, याविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिते. पात्रलेखन आणि ॲनिमेशन हे दोन्ही विषय मी बरीच वर्षे शिकवत आले आहे आणि इतर संस्थांतील विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासण्याचीही संधी मला वेळोवेळी मिळते. त्या आधारावर एका विशिष्ट प्रकल्पाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. माणूस नसलेले, पण माणसासारखे वागणारे एखादे पात्र लिहायचे आणि नंतर ते पडद्यावर चालते-बोलते करायचे, असा हा प्रकल्प जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात कोणत्या ना कोणत्या रूपात असतो. कोणी किटली निवडतो, कोणी कोल्हा, कोणी झाड, तर कोणी रोबोट. माझ्या मते विद्यार्थ्याला सर्वांत जास्त शिकवून जाणारा प्रकल्प हाच आहे आणि दुर्दैवाने तोच सध्या सर्वांत घाईने उरकला जातो.

घाई कुठे होते, तर चेहऱ्यापाशी. विषय मिळाला की विद्यार्थी पहिल्याच दिवशी वस्तूवर दोन मोठे डोळे आणि एक तोंड काढतो, बाजूंना हात जोडतो, हातांना बोटे देतो आणि मग या चेहऱ्याला शोभेल अशी एखादी गोष्ट शोधू लागतो. लेखन त्यामुळे शेवटी येते आणि तेही पानभर संवादांपुरतेच उरते. हा क्रम उलटा केला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आधी त्या वस्तूचे किंवा प्राण्याचे शरीर काय करू शकते आणि काय करू शकत नाही हे लिहून काढावे, त्यातून स्वभाव आणि गोष्ट यावी, आणि चेहरा द्यायचाच असेल तर तो सर्वांत शेवटी, गरज सिद्ध झाल्यावर द्यावा.

चेहरा नसेल तर प्रेक्षकाला पात्राशी नाते जोडता येणार नाही, अशी भीती विद्यार्थ्यांना वाटते आणि काही शिक्षकांनाही वाटते. ही भीती निराधार असल्याचे फार पूर्वीच दिसून आले आहे. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म तयार केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक छोटे वर्तुळ आणि दारासारखी उघडझाप करणारी बाजू असलेला एक चौकोन, एवढेच होते. पाहणाऱ्यांच्या पहिल्या गटाला फक्त ‘काय दिसले ते लिहा’ असे सांगितले होते. त्या ३४ जणांपैकी केवळ एकाने जे दिसले ते निव्वळ भूमितीच्या भाषेत लिहिले. बाकीच्यांनी हालणारे जीव पाहिले, आणि बहुतेकांनी तर माणसेच पाहिली. मोठा त्रिकोण त्यांना दांडगट वाटला, लहान त्रिकोण धीट वाटला, वर्तुळ घाबरलेले वाटले. डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय नाहीत. कोण कोणाच्या मागे किती वेगाने गेले, कोण दाराशी थबकले आणि कोण कोपऱ्यात जाऊन राहिले, एवढ्या हालचालींवरून पाहणाऱ्यांनी मनात अख्खी गोष्ट रचली. ॲनिमेशनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात ही फिल्म दाखवावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरे उदाहरण या क्षेत्रातल्या सर्वांना परिचित आहे. १९८६ साली पिक्सारचे जॉन लॅसेटर यांनी टेबलावरच्या दोन दिव्यांचा, जेमतेम दोन मिनिटांचा एक लघुपट संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत दाखवला. खेळ संपल्यावर जिम ब्लिन हे संगणक-चित्रणातले नामवंत तज्ज्ञ त्यांच्याकडे आले, तेव्हा आता सावल्यांच्या गणिताविषयी काहीतरी अवघड प्रश्न येणार असे लॅसेटर यांना वाटले होते. ब्लिन यांनी विचारले ते असे, की मोठा दिवा आई आहे की बाबा? ही आठवण लॅसेटर यांनीच पुढे सांगितली आहे. त्या दिव्यांना चेहरे चिकटवलेले नव्हते. दिव्याची मान, सांधे, स्प्रिंगा आणि जड बूड हे सगळे दिव्याचेच राहिले होते, आणि धाकट्या दिव्याचे प्रमाण तेवढे लहान मुलाच्या शरीरासारखे बेतलेले होते. माणूसपण आले ते विचारातून आणि वेळेच्या हिशेबातून. हाताने चित्रे काढणाऱ्या ॲनिमेटरांची जुनी तत्त्वे संगणकावर कशी लागू होतात, याविषयी लॅसेटर यांनी १९८७ साली लिहिलेला निबंध आजही शिकवला जातो, आणि त्याच्याही आधीपासून चालत आलेला अर्ध्या भरलेल्या पिठाच्या गोणीचा सराव नेमके हेच शिकवतो. गोणीला फक्त चार कोपरे आणि आतला भार असतो. तेवढ्यावर तिला आनंदी, थकलेली, रुसलेली दाखवायची असते.

आता एका प्रकल्पाचे उदाहरण जरा जवळून सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीने घडीची शिडी हे पात्र निवडले होते. वर बिजागरी, खाली चार पाय आणि उघडल्यावर दोन्ही बाजूंना ताठ बसणारी पट्टी, अशी साधी शिडी. पहिल्या आराखड्यात वरच्या पायरीवर डोळे होते आणि शिडी म्हणत होती, ‘मला फार एकटं वाटतं.’ डोळे आणि संवाद दोन्ही बाजूला ठेवून फक्त शिडीच्या शरीराविषयी लिही, असे मी तिला सुचवले. तिने लिहून आणलेल्या पानातल्या काही ओळी अशा होत्या: शिडीला बसता येत नाही; बसायला गेली तर पाय घसरून ती आडवी होते. वळायचे असेल तर दोन पायांवर तोल घेऊन उरलेले दोन उचलावे लागतात. उघडलेली असेल तर ती एकटी उभी राहते, मिटलेली असेल तर आधार लागतो. पाय जवळ घेतले की तिची उंची वाढते. ती इतरांना वर नेते. वर काय आहे ते तिने स्वतः कधी पाहिलेले नाही.

शेवटच्या दोन ओळी एकमेकींशेजारी आल्या आणि गोष्ट तयार झाली. शिडीला वरच्या फळीवर काय आहे ते पाहायचे आहे. त्यासाठी तिला उंच व्हायला हवे. उंच होण्यासाठी मिटायला हवे. आणि मिटली तर ती पडणार. हा पेच कोणत्याही माणसाच्या गोष्टीतून उसना आणलेला नव्हता, तो थेट बिजागरीतून आला होता. भावना दाखवण्याची साधनेही तिथेच सापडली. पाय किंचित फाकले की शिडी बुटकी होते, ते तिचे खचणे ठरले. पट्टी ताठ बसताना होणारा ‘टक’ असा आवाज हा तिचा निर्धार ठरला. पाहणे दाखवायला वरच्या पायरीचा कल पुरेसा होता.

पुढचे काम ॲनिमेशनचे, आणि तिथे लेखन किती उपयोगी पडते ते पुन्हा दिसले. पाय जवळ घेण्याची हालचाल तिने आधी संगणकाच्या भरवशावर सोडली होती. उघडलेली पोज आणि मिटलेली पोज अशा दोन कीफ्रेम, म्हणजे हालचालीची दोन टोके, दिल्या की मधली हालचाल संगणक भरून काढतो, पण ती हालचाल गुळगुळीत आणि निर्विकार असते. मोटरवर चालणारे एखादे दार मिटावे तशी ती शिडी मिटत होती. मग आम्ही लिहिलेले पान पुन्हा समोर ठेवले. पडण्याची भीती असलेली शिडी एका दमात कशी मिटेल? तिने हालचालीचे तुकडे केले. सुरुवातीला चार फ्रेममध्ये झटकन थोडेसे आत, मग लांबलचक थांबा, मग भीतीने पुन्हा थोडे बाहेर आणि त्यानंतर एकेक पाय वेगवेगळ्या वेळी हळूहळू आत. थांब्यातही तिने शिडी पूर्ण गोठवली नाही. वरची पायरी केसभर झुकत राहिली, कारण संगणकावरचे पात्र पूर्ण थांबले की ते विचार करते आहे असे न वाटता निष्प्राण झाल्यासारखे वाटते. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात हा सगळा प्रसंग काही सेकंदांचाच होता, पण तो पाहताना वर्गातल्या मुलांनी श्वास रोखून धरला होता. शेवटी शिडी भिंतीला टेकून उभी राहते आणि फळीवर काय आहे ते पाहते. संपूर्ण फिल्ममध्ये एकही शब्द नाही.

या सगळ्या खटाटोपात अभिनयाचाही मोठा वाटा असतो. ॲनिमेटरने स्वतः प्रसंग करून पाहावा आणि त्याचे चित्रण समोर ठेवावे, ही पद्धत उत्तमच आहे. परंतु विद्यार्थ्याच्या शरीराला खांदे आहेत, कोपर आहे, पाठीचा लवचीक कणा आहे. शिडीला यातले काहीच नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना पात्राच्या मर्यादा स्वतःवर लादून अभिनय करायला सांगते. हात पाठीमागे बांधायचे, गुडघे ताठ ठेवायचे आणि मग नाराजी दाखवायची. पहिली काही मिनिटे मुले संकोचतात, पण त्यानंतर मान, छाती आणि पावलांची जागा यांतून किती काही सांगता येते हे त्यांना आपोआप उमगू लागते.

प्राण्यांच्या पात्रांबाबत प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिथे चेहरा मुळातच असतो आणि त्यामुळे तो माणसासारखा करून टाकण्याचा मोह अधिक होतो. कोल्ह्याच्या मागच्या पायात जो उलटा वाकलेला गुडघा वाटतो तो खरे तर त्याचा घोटा असतो. कोल्हा चवड्यांवर चालतो. त्याला दोन पायांवर उभा करताना टाच जमिनीला टेकवायची की अधांतरी ठेवायची, हा निर्णय लेखनाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण त्यावर त्याची चाल, त्याचा तोल आणि पर्यायाने त्याचा तोराही अवलंबून असतो. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, मात्र अगदी नाकासमोरचे नीट दिसत नाही. असे पात्र भीतीच्या क्षणी माणसासारखे गर्रकन मागे वळून पाहील काय? त्याला वळण्याची गरजच नाही. ते जागच्या जागी स्तब्ध होईल आणि कान तेवढे फिरवील. शरीररचनेची इतकी माहिती घेऊनही विद्यार्थी शेवटी सशाला माणसासारखे वळवायचे ठरवू शकतो, आणि त्यात गैर काही नाही. फक्त तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला असावा.

झाडाच्या पात्राविषयी स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. इथे एवढेच म्हणते, की ज्याचे आयुष्य माणसाच्या कित्येक पिढ्यांएवढे आहे त्याला माणसाच्या गतीने बोलायला लावले की झाड संपते आणि फांद्यांचा पोशाख घातलेला माणूस उरतो.

रोबोटच्या पात्रांत एक ठरावीक साचा पुन्हा पुन्हा दिसतो: रोबोटला माणूस व्हायचे असते, त्याला प्रेम म्हणजे काय ते कळत नाही आणि शेवटी त्याच्या डोळ्यातून पाणी येते. या गोष्टीत माणूस व्हावे याहून मोठी इच्छा जगात असूच शकत नाही, असे गृहीत धरलेले असते. अ-मानवी पात्राला त्याच्या स्वतःच्या इच्छा असाव्यात, त्याच्या कामातून, घडणीतून आणि झिजेतून आलेल्या. सतत एकाच खोलीत फिरणाऱ्या यंत्राला कोपऱ्यांविषयी काही मत असेल. ज्याचे चार्जिंग संपत आले आहे त्याची काळाची कल्पना वेगळी असेल. संवाद तपासण्यासाठी मी विद्यार्थ्यांना एक सोपी परीक्षा सांगते. पटकथेतले पात्राचे नाव झाकायचे आणि संवाद वाचायचा. तो कोणत्याही माणसाच्या तोंडी शोभत असेल, तर तो त्या पात्राचा संवाद नाही आणि तो पुन्हा लिहावा लागेल. ॲनिमॅटिक, म्हणजे रेखाटने वेळेनुसार जोडून केलेली कच्ची फिल्म, तयार झाले की अशीच दुसरी परीक्षा, आवाज बंद करून पाहण्याची.

चेहरा अति माणसासारखा झाला तर होणारा तोटाही जुन्या अभ्यासातून ठाऊक आहे. रोबोटशास्त्राचे जपानी प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९७० साली असे मांडले, की एखादी कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तशी ती आपल्याला आधी अधिकाधिक जवळची वाटते, परंतु ती जवळजवळ माणसासारखी, तरीही पुरती माणसासारखी नाही, अशा टप्प्यावर आली की ती आपुलकी एकदम ओसरून तिच्या जागी अस्वस्थता येते. आकृती हलू लागली की हा परिणाम आणखी तीव्र होतो, असेही त्यांनी त्याच लेखात म्हटले आहे. संपूर्ण साधर्म्याच्या मागे न लागता रचना जाणीवपूर्वक अ-मानवी ठेवण्याचा त्यांचा सल्ला ॲनिमेशनच्या विद्यार्थ्याला फार उपयोगाचा आहे, कारण चालत्या चित्राचाच तर तो धंदा करणार असतो. तरीही किटलीवर माणसाची खरीखुरी कातडी आणि ओलसर डोळे चढवलेले प्रकल्प मी आजही पाहते आणि त्यामागे खर्ची पडलेले कष्ट पाहून वाईट वाटते.

हे असे का होते, याचा दोष मी विद्यार्थ्यांना देत नाही. मूल्यमापनाची पद्धत त्यांना त्या दिशेने ढकलते. मॉडेल, टेक्स्चर (पृष्ठभागाचा रंग-पोत), प्रकाशयोजना आणि रेंडर (संगणकाने तयार केलेले अंतिम चित्र) यांना गुण असतात, फिल्मच्या लांबीला छुपे गुण असतात आणि लेखनाला मात्र एका संकल्पनापत्राएवढीच जागा असते. तीन मिनिटांची फिल्म म्हणजे ४,३२० फ्रेम. एकट्या विद्यार्थ्याने एका सत्रात एवढ्या फ्रेमना न्याय द्यायचा म्हटला तर विचार करायला वेळ उरणार कुठून? तीस सेकंदांच्या फिल्ममध्ये ७२० फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवण्याची रूढ पद्धत वापरली तर ३६० चित्रे. इतक्या कामात विद्यार्थी एखाद्या थांब्याची लांबी पाच वेळा बदलून पाहू शकतो, आणि शिकणे घडते ते अशा बदलून पाहण्यात. प्रकल्पाची कमाल लांबी तीस ते चाळीस सेकंदांवर आणावी आणि राखाडी, रंग-टेक्स्चर नसलेले मॉडेल सादर करण्याची पूर्ण मुभा द्यावी, असे मी सर्व अभ्यासमंडळांना सुचवू इच्छिते.

विषयांच्या वाटणीचाही प्रश्न आहे. पटकथालेखन शिकवणारे शिक्षक वेगळे, ॲनिमेशन शिकवणारे वेगळे, आणि दोघांची गाठ पडते ती गुण भरताना. लेखनाच्या तासाला मुले बोलके प्राणी लिहितात, पण त्यांच्या पंजांना वस्तू धरता येतात की नाही हे कोणी विचारत नाही. ॲनिमेशनच्या तासाला तीच मुले सुबक वॉक सायकल, म्हणजे चालण्याची पुन्हा पुन्हा येणारी हालचाल, करतात, पण पात्र कुठे आणि कशासाठी चालले आहे हे कोणी विचारत नाही. वास्तविक चेतनगुणोक्ती अलंकार आपण शाळेतच शिकतो, निर्जीव वस्तूवर सजीवाचे गुण आरोपण्याची आपल्या कवितेला जुनी सवय आहे, आणि बोलक्या प्राण्यांच्या नीतिकथांवर तर आपण वाढलो आहोत. हा वारसा ॲनिमेशनच्या वर्गात आणायचा तर दोन्ही शिक्षकांनी एकाच प्रकल्पाला एकत्र बसून मार्गदर्शन करायला हवे.

अलीकडे चित्रे तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. ती वापरूच नयेत असे मी म्हणणार नाही, परंतु या विशिष्ट प्रकल्पात त्यांच्यामुळे जुनीच घाई आणखी वाढते. चार शब्द लिहिले की काही क्षणांत रंगवलेला, प्रकाशलेला, डोळे लुकलुकणारा चेहरा समोर येतो, आणि एवढे सुबक चित्र एकदा समोर आले की त्या पात्राचे पाय कसे वाकतात, हा प्रश्न विचारण्याची इच्छाच मावळते. शिडीच्या प्रकल्पातली बिजागरी अशा चित्रात दिसलीही असती. तिच्यातली गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय सापडली नसती. म्हणून शरीराविषयीचे पान आणि पहिली रेखाटने हाताने करून होईपर्यंत ही साधने बाजूला ठेवावीत, असा नियम मी माझ्या वर्गात केला आहे आणि विद्यार्थ्यांनी तो समजूतदारपणे पाळला आहे.

एक विनंती प्रकल्पांची प्रदर्शने भरवणाऱ्या संस्थांना आणि त्यांची दखल घेणाऱ्या आपल्यासारख्या वृत्तपत्रांना. प्रदर्शनात बहुधा पूर्ण झालेली फिल्म आणि एक चकचकीत पोस्टर एवढेच दिसते. त्याच्या शेजारी पात्राच्या शरीराविषयी लिहिलेले पान, फसलेली पहिली ब्लॉकिंग (मुख्य पोजची कच्ची मांडणी) आणि वेळेचे आकडे खोडून पुन्हा लिहिलेला तक्ताही मांडावा. पालकांना, नव्या विद्यार्थ्यांना आणि परीक्षकांनाही त्यातून कळेल की एखादी शिडी जिवंत होण्यासाठी नेमके कोणते काम करावे लागले, आणि आपल्या प्रतिनिधीलाही विद्यार्थ्याला विचारण्यासारखे प्रश्न तिथेच सापडतील.

आपली विश्वासू,
पात्रलेखन व ॲनिमेशनची एक शिक्षिका